दादाचा घोटा

घोट्याला ताणाचा पट्टा चढवून चाललेला माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. तसं कारण काही नसतं. बिचाऱ्याचा पाय मुरगळलेला असतो, त्यानं पट्टा बांधलेला असतो, मी कोण लागून गेलो विचारणारा? पण परवा इथं साताऱ्यात आमच्या गल्लीतला एक खेळाडू गडी तसाच लंगडत चालला होता आणि मी खिडकीतून त्याला ओरडून सांगितलं, की बाबा रे, नुसतं खाली बघू नकोस, डॉक्टरला जरा वरपर्यंत बघायला सांग. तो हसला आणि निघून गेला. आतून सून म्हणाली, नाना, चैत्र लागला की तुमचं हे सुरू होतं. खरं आहे तिचं. चैत्र लागतो, गावाकडचं कुणीतरी जत्रेचं आवतण घेऊन येतं, कडुलिंबाच्या मोहराचा कडवट गोड वास खिडकीतून आत येतो, आणि मग मला काही सुचत नाही.

आमचं गाव वाळव्याकडचं, कृष्णेच्या काठाला. तेव्हा तो सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. सांगली म्हणजे संस्थानचं गाव; तिकडं जायचं तर माणसं धुतलेलं धोतर नेसून जात. लढाई संपून माझा थोरला भाऊ, दादा, ब्रह्मदेशातून घरी आला, त्यानंतरचा तो चैत्र. शाळू काढून झाला होता. खळी मोडली होती आणि रानं उघडी पडली होती. गुऱ्हाळं थंडावली तरी चुलवणाचा वास पाणंदीत रेंगाळत होता. नदी आटून एका कडेला गेली होती आणि उरलेल्या वाळूत सकाळीच पाय भाजायचे. जत्रा जवळ आली की हलगीवाले संध्याकाळी शाळूची धसकटं पेटवून हलगी शेकायचे. कातडं तापून ताणलं की त्यावर टिपरी पडायची आणि तो कडकडाट वेशीपासून नदीपर्यंत जायचा. गावातल्या प्रत्येक तरण्या माणसाचे खांदे त्या आवाजानं आपोआप वर यायचे. माझेही यायचे. आता तो आवाज ऐकला तर मी दार लावून घेतो.

गावची तालीम आबांची. आबा म्हणजे आमचे वडील. पहिल्या लढाईत बसऱ्याकडं जाऊन आलेले, पेन्शनीवर घरी बसलेले, पण बसलेले म्हणजे नावालाच. पहाटेपासून तालमीत. तिथल्या लाल मातीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस ओतून ते स्वतः फावड्यानं माती वर-खाली करायचे. त्या मातीचा वास आंबूस आणि थंड असायचा. अंगाला लागला की दिवसभर जायचा नाही. आबांच्या खांद्याखाली, छातीच्या बाजूला, गोळीचा एक वण होता. पाव्हणारावळा आला आणि बोलणं लढाईवर गेलं की आबा बंडीचे बंद सोडून तो वण दाखवायचे. आमच्याकडं घराघरातून माणूस पलटणीत होता, पण सगळ्यांकडं असा वण नव्हता. दादा भरती होऊन निघाला तेव्हा आबांनी त्याला वेशीपर्यंत पोचवलं. तिथं एवढंच म्हणाले, ‘लागलं तर फुडनं लागू दे. मागनं लागून घरी येऊ नगंस.’

असं बोलायची तेव्हा रीतच होती. प्रत्येक बाप हेच म्हणायचा आणि प्रत्येक पोरगा मान हलवून जायचा. त्यातलं कोण कुठल्या अंगानं परत येईल हे कुणाच्या हातात होतं? पण बोलून ठेवलं खरं.

दादा आला तो डाव्या पायानं थोडा झोकांडत आला. पलटणीनं पाय अधू झाला म्हणून घरी पाठवलं होतं. आबांनी विचारलं, काय झालं रं. दादानं सांगितलं की रानात घोटा मुरगळला, नंतर तो बसलाच नाही, सारखा वळतो. त्यात खोटं दिसण्यासारखं काही नव्हतं. घोटा खरोखरच वळत होता. सपाट अंगणात चालताना काही वाटायचं नाही, पण नांगरटीत गेला, ढेकळावर पाय पडला, की घोटा बाहेरच्या अंगाला कलायचा आणि दादा आडवा. उठायचा, धोतर झटकायचा, माझ्याकडं बघून हसायचा. पुढच्या सरीत पुन्हा तेच. सुजून सुजून त्या घोट्याचं हाड दिसेनासं झालं होतं.

मग गावानं तो घोटा हातात घेतला. आंबेहळद आणि रक्त्याबोळ उगाळून लेप झाला. निरगुडीच्या पाल्याचा वाफारा झाला. नदीच्या तापल्या वाळूत पाय पुरून बसणं झालं. कुणीतरी बिब्ब्याचा डाग द्यायला सांगितला. तोही दादानं घेतला. आणि सकाळ-संध्याकाळ आबांचं बांधणं. आबा खाली उकिडवे बसायचे, दादाची टाच आपल्या मांडीवर घ्यायचे, तेलानं घोटा चोळून चोळून गरम करायचे आणि जुन्या पटक्याची पट्टी घट्ट ओढून बांधायचे. बापानं पोराचा पाय धरायचा ही गोष्ट आमच्याकडं बघवणारी नव्हती. दादा तेवढा वेळ दुसरीकडं तोंड करून बसायचा. गाठ मारून झाली की लगेच वाकून आबांच्या पायाला हात लावायचा. आबा चिडायचे. म्हणायचे, पाया पडायचं ऱ्हाऊ दे, पाय टेक आणि उभा ऱ्हा. एवढा कडक माणूस, पण त्या घोट्याशी बोलताना त्यांचा आवाज मऊ व्हायचा.

दादा तालमीतही येऊ लागला. त्याच्या बैठका बघून कुणाचाही विश्वास बसला असता. दोन्ही पाय जमिनीवर, पाठ सरळ, बैठकांमागून बैठका. घामानं माती भिजायची. मांड्या पहिल्यासारख्या भरल्या. आबांना उमेद यायची ती तिथून. दोन पायांवर दादा खांबासारखा होता. फक्त एक गोष्ट वेगळी होती, ती म्हणजे तो लंगोटावर येत नसे. गुडघ्यापर्यंत येणारा एक ढगळ जांघ्या त्यानं शिवून घेतला होता आणि तो घालूनच मेहनत करायचा, घालूनच अंघोळ करायचा. तालमीतले गडी त्याला चिडवून साहेब म्हणायचे. आबा म्हणायचे, पलटणीत राहून लाज शिकून आलाय, राहू दे.

या वयात मला झोप कमी लागते आणि नको त्या गोष्टींचा विचार होतो. चालणं म्हणजे काय, याचा मी फार विचार केला आहे. आपण म्हणतो माणूस दोन पायांवर चालतो. कुठला दोन पायांवर? चालताना एक पाय कायम उचललेला असतो. म्हणजे माणूस एका पायावर उभा राहतो, पडायच्या आत दुसऱ्यावर उभा राहतो, आणि असंच जन्मभर. जो पाय टेकलेला असतो त्याच्या खुब्यावरचं मांस कंबर धरून ठेवतं म्हणून अंग कलत नाही. ते दिसत नाही, दुखत नाही, त्याची कुणी आठवण काढत नाही. तालमीत छाती मोजत, दंड मोजत, मांडी मोजत. कमरेच्या बगलेला, खुब्यावर, हाताच्या पंजाएवढं जे मांस असतं त्याचं नाव घेतलेलं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. ते गेलं की वरचा सगळा डोलारा कलतो, आणि कललेलं ओझं सांभाळायचं काम पडतं बिचाऱ्या घोट्यावर. घोटा केवढा, ओझं केवढं. तो वळतो. मग दोष घोट्याचा.

पण हे शहाणपण आजचं. त्या चैत्रात आबांनी ठरवलं की जत्रेत दादाची कुस्तीची जोड लावायची. मोठी नाही, मधल्या फळीतली. तासगावकडचा एक बेताचा गडी होता. आबांचं म्हणणं असं, की घोटा आता बांधून बांधून कणखर झालाय, त्याला फक्त धीर पाहिजे. एकदा चारचौघांत माती लागली की भीती जाईल. दादानं नाही म्हटलं नाही. मला वाटतं त्यालाही तोपर्यंत खरं वाटायला लागलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ बाप घोटा चोळतोय, सगळं गाव घोट्याचं विचारतंय. शेवटी माणसाला आपलं दुखणं कुठं आहे याचासुद्धा विसर पडत असेल.

जत्रेचा तो दिवस. ऊन कलतं, नदीच्या मळीवर मैदान, चारी बाजूंनी माणसं चिकटून बसलेली, मागं गाड्यांवर उभी राहिलेली. खोबरं-गुलालाचा वास, ओल्या मातीचा वास. आबांनी दादाचा घोटा त्या दिवशी दुप्पट पट्टी घेऊन बांधला होता. जोड पुकारली गेली. हलगी कडाडली. दादा मैदानात गेला, माती कपाळाला लावली, चारी बाजूंना सलाम केला. अंगानं तो इतका देखणा दिसत होता की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. मग दादानं शड्डू ठोकला. शड्डू म्हणजे उजवा पाय उचलायचा आणि मांडीवर हाताची थाप मारायची. थाप अशी वाजली पाहिजे की समोरच्याचं काळीज हललं पाहिजे. थाप वाजली. आणि त्याच वेळी दादाची उजवीकडची कंबर खाली गेली, अंग वाकडं झालं, डावा घोटा दुप्पट पट्टीतसुद्धा वळला आणि दादा मातीत पडला. समोरचा गडी अजून दहा हात लांब उभा होता. त्याला काय करावं कळेना. हात पुढं केलेले तसेच राहिले.

मग एका कोपऱ्यातून हसू आलं आणि ते मैदानभर पसरलं. माणसं वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्याला कुणी हात लावला नाही असा पैलवान स्वतःच्या शड्डूनं पडलेला बघून मी परका असतो तर मीही हसलो असतो. आबा आत धावले. दादाजवळ गुडघे टेकून बसले, पट्टी हातानं चाचपली, आणि उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, ‘माजीच गाठ ढिली ऱ्हायली. पोराचा दोस न्हाई.’ मग दादाचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्याला बाहेर आणलं. माणसांनी वाट करून दिली. त्या वेळी कुणी हसत नव्हतं, आणि मला ते जास्त लागलं.

आबांनी आयुष्यात कधी कुणाच्या हातात आपलं काम दिलं नव्हतं. जत्रा उलगडल्यावर ते मला म्हणाले, की सांगलीला एक चांगला सर्जन आहे म्हणतात, दादाला घेऊन जा आणि घोटा दाखवून आण. स्वतः आले नाहीत. आपली गाठ ढिली राहिली हे डॉक्टरच्या तोंडून ऐकायची त्यांची तयारी नसावी.

इस्लामपुरापर्यंत बैलगाडी आणि पुढं कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. लढाई संपली तरी पेट्रोल सुटलं नव्हतं. मोटार मधेच दम टाकायची, ड्रायव्हर उतरून मागच्या भट्टीत कोळसा ढोसायचा, आम्ही सगळे धुरात खोकत बसायचो. दादा खिडकीतून उसाच्या लागणी बघत होता. सांगलीचा पूल आला तेव्हा त्यानं खाली नदीकडं बघितलं आणि म्हणाला, आपलीच नदी, पण हितं लय शानी दिसती. त्या दिवशीचं त्याचं तेवढंच हसणं.

डॉक्टर मध्यमवयीन, कमी बोलणारे. त्यांनी आबांची पट्टी सोडली, घोटा हलवून बघितला, दादाला खोलीत चालायला लावलं. मग म्हणाले, डाव्या पायावर उभा राहा आणि उजवा उचल. दादा भिंतीजवळ उभा राहिला, पाय उचलला, आणि मैदानात झालं तेच झालं; भिंतीला हात लागला म्हणून पडला नाही. या वेळी डॉक्टरांनी घोट्याकडं बघितलंसुद्धा नाही. ते त्याच्या कमरेकडं बघत होते. म्हणाले, धोतर सोड. दादानं माझ्याकडं बघितलं. तू भाईर जा, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, राहू दे त्याला, आधाराला लागेल.

तेव्हा मी दादाचा वण पहिल्यांदा बघितला. डाव्या खुब्याच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूला. वण बारका होता. पण त्याच्याभोवतीचं मांस पार बसलं होतं, तिथं खळगा पडला होता, आणि खाली तीच भरलेली मांडी. डॉक्टरांनी त्या खळग्यात बोटं दाबली आणि दादाला जोर लाव म्हणाले. दादा जोर लावत होता, मानेच्या शिरा फुगल्या होत्या, आणि डॉक्टरांच्या बोटाखाली काही हलत नव्हतं. हे कशानं झालं, त्यांनी विचारलं. तोफगोळ्याचा तुकडा, दादा म्हणाला. आणि मग कुणी विचारलं नसताना घाईघाईनं म्हणाला, ‘आडवा पडलो हुतो साहेब. समदेच पडले हुते. हुकूमच हुता.’ डॉक्टरांना तो हे का सांगतोय ते कळलं नाही. ते म्हणाले, हो, पडणारच की. मला मात्र उभ्या जागी कळलं. जांघ्या कळला, घोटा कळला, इतके महिने तोंड फिरवून बसणं कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. घोट्याला मूळ रोग नाही. खुब्यावरचं जे मांस अंग तोलून धरतं त्याची शीर तुटली आहे, मांस मेलं आहे. वर धरणारं कुणी नाही म्हणून खाली वळतं. मी विचारलं, शीर जोडता येईल का. नाही म्हणाले. व्यायामानं मांस येईल का. नाही. आधी आलो असतो तर. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, तेव्हाही नाही. आणि घोट्याचं बांधणं? ‘बांधा, नाहीतर बांधू नका,’ ते म्हणाले, ‘सारखंच आहे.’ उजव्या हातात काठी घे, एवढंच त्यांनी दादाला सांगितलं. दादाचं वय तेव्हा काठी घ्यायचं नव्हतं.

मला राग कशाचा येतो ते आता सांगतो. घोटा होता तोवर आशा होती. लेप होता, वाफारा होता, वाळू होती, आबांचे हात होते. रोज काहीतरी करण्यासारखं होतं आणि रोज उद्याचं नाव घेता येत होतं. खरं दुखणं सापडलं आणि हातातलं सगळं गेलं. लोक म्हणतात, निदान झालं की निम्मं काम झालं. झालं असेल कुणाचं. आमचं निदान झालं आणि काम संपलं. दवाखान्याबाहेर एका गुलमोहराखाली आम्ही बराच वेळ बसून होतो. लाल पाकळ्या अंगावर पडत होत्या. दादानं सोडलेली पट्टी मुठीत धरली होती. मी रडलो. तो रडला नाही. म्हणाला, आबाला काय सांगायचं ते मी सांगंन.

पुढं दादाचं लग्न झालं, पोरं झाली, चारचौघांसारखं सगळं झालं. रानात मात्र तो बांधावर बसून राहिला. नांगर मी धरला, मी मास्तर होऊन बाहेर पडल्यावर गड्यानं धरला. दर चैत्रात मैदान चुकवायला काहीतरी निमित्त निघायचं. कधी ताप, कधी पाव्हणे, कधी जोड पसंत नाही. आबा हळहळायचे आणि पुन्हा पावसाळ्यानंतर तालमीची माती वर-खाली करायला लागायचे. आबा गेले, त्यांचं तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी दादा उजव्या हातात काठी घेऊन घराबाहेर पडला. गावाला वाटलं, बापाच्या दुःखानं पोरगा खचला. आता दादाही नाही. तालमीच्या जागी दुसरंच काहीतरी बांधलंय म्हणतात. मी जाऊन बघितलेलं नाही आणि बघणारही नाही.

पण त्या दिवशी आम्ही सांगलीहून परतलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. गुरं घरी परतत होती, पाणंदीत धूळ उडाली होती. आबा वेशीजवळच्या कट्ट्यावर बसलेले होते. कधीपासून, कोण जाणे. बैलगाडी थांबायच्या आत ते उठून पुढं आले. दादाला हात देऊन उतरवलं. मग विचारलं, ‘काय म्हनला डाक्तर?’

दादा म्हणाला, ‘घोटाच हाय म्हनला.’

‘आनि?’

‘तुमी बांधताय ते बराबर हाय म्हनला. बांधत ऱ्हावा म्हनला.’

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मैदानातून दादाचा हात खांद्यावर घेऊन आल्यापासून त्या माणसाच्या तोंडावर जे काही दाटलेलं होतं ते हळूहळू उतरलं. त्यांना बरं वाटलं, इतकं बरं की ते तिथंच, गुरांच्या वाटेवर, धुळीत उकिडवे बसले आणि दादाचा पाय ओढून मांडीवर घेतला. पट्टी दादानं मोटारीत स्वतःच कशीबशी गुंडाळली होती. ही कुणी बांधली म्हणून कुरकुरत त्यांनी ती सोडली, अंगठ्यानं घोटा दाबून बघितला आणि नव्यानं बांधायला घेतली. दादानं या वेळी तोंड फिरवलं नाही. तो आबांच्या पटक्याकडं, त्यांच्या वाकलेल्या मानेकडं एकटक बघत होता.

गाठ आवळता आवळता, वर न बघता आबा म्हणाले, ‘मग फुडल्या जत्रंला उतरतोस तर.’

दादा म्हणाला, ‘व्हय.’